कारस्थान या शब्दाची कैफियत

गेल्या वर्षी आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत, अहवालवाचन आटोपून जमाखर्चास मंजुरी मिळाल्यावर, मागच्या रांगेतील एक जुने वर्गणीदार उठून उभे राहिले आणि कार्यकारी मंडळाच्या तिघा सभासदांकडे बोट दाखवून, ‘हे या तिघांचे कारस्थान आहे,’ असे सर्वांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले. त्या तिघांत मी एक होतो. झाले होते ते एवढेच की, दाखल नोंदवहीत असलेली पण फळीवर नसलेली पुस्तके वाढत चालल्याचे आमच्या ध्यानात आले होते. तीसएक वर्षे वाचनालय सांभाळणाऱ्या ग्रंथपालांची दृष्टी अलीकडे अधू झाली होती, पुस्तके परत आली की नाहीत हे त्यांना नीट दिसत नसे आणि ते कोणास सांगतही नसत. आणि म्हणून त्या वयोवृद्ध गृहस्थाच्या प्रामाणिकपणावर ओरखडाही न उमटता पुस्तकांची मोजदाद कशी करावी, याचा विचार करण्यासाठी आम्ही तिघे एका संध्याकाळी एकाच्या घरी, दार लोटून घेऊन, दीड-दोन तास बसलो होतो. दार लोटलेले कोणी तरी पाहिले. तेथून सभागृहापर्यंत ती बैठक पोहोचेतो तिचे नाव बदललेले होते.

ग्रंथपाल दारापाशी, नेहमीच्या लाकडी खुर्चीवर, किल्ल्यांचा जुडगा मांडीवर ठेवून बसले होते. कारस्थान कोणाविरुद्ध हे बोलणाऱ्याने सांगितले नाही. सांगावेही लागले नाही. त्यांच्या बोटांत किल्ल्या थोड्या वाजल्या आणि मग वाजेनाशा झाल्या. दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडले ते शिपायाने. काकांनी – गाव त्यांना काकाच म्हणते – किल्ल्या शेजारच्या मुलाहाती पाठवून दिल्या होत्या. आरोप खोटा होता म्हणून मला वाईट वाटले नाही. सार्वजनिक कामात असे आरोप अंगवळणी पडतात. परंतु ज्या माणसाची अब्रू जपण्यासाठी आम्ही दार लोटले, त्याच माणसाला एका शब्दाने उठवून लावले, हे माझ्या मनातून जाईना. आणि तेव्हापासून त्या शब्दाची चौकशी मी मनाशी चालविली आहे. तिचा निष्कर्ष लोकांपुढे ठेवणे अगत्याचे वाटते, कारण हा शब्द आज आमच्या वाचनालयापुरता राहिलेला नाही. तो सोसायट्यांच्या सभांत आहे, ग्रामपंचायतींत आहे, नातलगांच्या भांडणात आहे आणि वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत तर रोजचाच आहे.

शब्दाची घडण पाहिली तर ‘कार’ आणि ‘स्थान’ अशी दोन पदे डोळ्यांस दिसतात, आणि त्या दोहोंत दोषास्पद असे काहीही नाही. मराठेशाहीच्या कागदांतून व बखरींतून या शब्दाला जो मान होता तो आजच्या वाचकास चमत्कारिक वाटेल. ‘मोठा कारस्थानी पुरुष’ ही त्या काळी शिवी नव्हती. दूरचे पाहणारा, चार माणसे जोडणारा, बोलण्यापेक्षा करण्यात वाकबगार असा तो मनुष्य असे. अठराव्या शतकातील मराठ्यांच्या एका अत्यंत जोखमीच्या राजकीय कृतीला इतिहासाने ‘बारभाईंचे कारस्थान’ हे नाव दिले, आणि शाळेच्या पुस्तकांतून ते नाव वाचताना आपणांपैकी कोणाच्याही मनात त्या मंडळींविषयी तिरस्कार उत्पन्न झाला नाही. हे नाव आणि त्याच्या मागची हकीकत यांपाशी थोडे थांबले पाहिजे, कारण जवळजवळ एकाच जागी, आठ महिन्यांच्या आत, दोन गुप्त बेत रचले गेले. आणि त्या दोहोंना एकच शब्द लावावा असे आपल्या पूर्वजांना वाटले नाही.

पहिला बेत ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात उघडा पडला. गणेशोत्सवाचे दिवस होते. पेशवेपदावर येऊन वर्षही न झालेले नारायणराव त्या वेळी अठरा वर्षांचे होते. त्यांचे चुलते रघुनाथराव वाड्यातच नजरकैदेत होते. आणि तनख्याच्या थकबाकीने बिथरलेले गारदी सुमेरसिंगाच्या म्होरकेपणाखाली दुपारी आत घुसले. त्याच दिवशी सकाळी गारद्यांच्या हालचालींचा सुगावा नारायणरावांना लागला होता व त्यांनी हरिपंत फडक्यांना बंदोबस्त करावयास सांगितले होते, पण ते काम मागे पडले, असे ग्रांट डफने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात नमूद केले आहे. चुलत्याच्या गळ्यास मिठी मारलेल्या पुतण्याला मिठी सोडवून ठार मारण्यात आले. मागाहून लोकांनी म्हणावयास आरंभ केला की रघुनाथरावांचा हुकूम ‘धरावे’ असा होता, आणि त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी ‘ध’ चा ‘मा’ केला. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली, दोष थेट रघुनाथरावांच्या पदरी बांधला, देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही असे तोंडावर सांगितले आणि पुणे सोडले.

दुसरा बेत याच्या पोटातून जन्मला. रघुनाथराव पेशवेपदाची वस्त्रे घेऊन दक्षिणेच्या मोहिमेवर निघाले; बरोबर जी कारभारी मंडळी होती ती एकेक निमित्त काढून छावणीतून मागे फिरू लागली. कोणाला प्रकृतीचे कारण, कोणाला घरच्या कामाचे. सखारामबापू बोकील, त्रिंबकराव पेठे, नाना फडणीस, हरिपंत फडके, मोरोबा फडणीस असे मातबर लोक पुण्यात एकवटले. ‘बारा’ हा आकडा येथे काटेकोर हिशेबाचा नसून अनेक हातांनी उचललेले काम एवढाच त्याचा अर्थ आहे. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. त्यांच्या पोटातील मूल हेच या कारस्थानाचे सगळे भांडवल. ते मुलगा निघेल की मुलगी, जगेल की नाही, याचीही शाश्वती नव्हती. १७७४च्या जानेवारीत गंगाबाईंना पुरंदरावर नेऊन ठेवले, सदाशिवराव भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई सोबतीस दिल्या, आणि गंगाबाईंच्या नावाने कारभाराची सूत्रे हाती घेतली. मार्चमध्ये पंढरपूरजवळ रघुनाथरावांशी झालेल्या लढाईत त्रिंबकराव पेठे कामास आले. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला, आणि अवघ्या चाळीस दिवसांच्या त्या बालकाला साताऱ्याहून पेशवेपदाची वस्त्रे मिळाली.

आता दोन्ही बेत शेजारी ठेवून पाहावेत. गुप्तता दोहोंत आहे. पाच-दहा माणसांचे संगनमत दोहोंत आहे. बोलणे एक आणि मनात दुसरे हा प्रकारही दोहोंत आहे, कारण छावणीतून प्रकृतीचे निमित्त काढून निघालेल्या कारभाऱ्यांची प्रकृती ठणठणीत होती हे उघड आहे. तरीही एकाला आपण खुनाचा कट म्हणतो आणि दुसऱ्याला कारस्थान म्हणून आदराने उच्चारतो. हा फरक केवळ जिंकणारे कोण, एवढ्यावरून पडलेला नाही असे माझे ठाम मत आहे. शनिवारवाड्यातील बेत ज्यांनी केला त्यांतील एकानेही तो आपला म्हणून कधी पत्करला नाही. हुकूम कोणाचा, अक्षर कोणाचे, हे सारे दुसऱ्याच्या अंगावर ढकलण्यातच त्यांचे पुढचे आयुष्य गेले. बारभाईंनी मात्र वेळ येताच आपली नावे पुढे केली, आपल्या शिक्क्यांनी पत्रे लिहिली, आपली शिरे पणाला लावली आणि एकाचे गेलेही. जे गुपित वेळ भरल्यावर आपले म्हणून सांगता येते आणि जे मरेपर्यंत नाकारावे लागते, त्या दोन गुपितांत जे अंतर आहे ते आमच्या जुन्या मराठीला कळत होते.

या मंडळींना मी देव्हाऱ्यात बसवू इच्छीत नाही. त्याच बारभाईंतील मोरोबा फडणीस १७७८ साली रघुनाथरावांना पुन्हा आणण्याच्या खटपटीत शिरले आणि आपल्या चुलतभावाच्या, नानांच्या, हुकमाने अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिवान झाले. पेशवाईतील साडेतीन शहाण्यांत ज्यांची पूर्ण शहाणे म्हणून गणना होते ते सखारामबापू आपल्याच सोबत्यांच्या संशयाचे धनी होऊन १७८१ साली रायगडावर कैदेत वारले. कारस्थान करणाऱ्यांना परस्परांवर विश्वास ठेवणे उत्तरोत्तर कठीण होत जाते, आणि हा त्या धंद्याचा मोठा शाप आहे. परंतु तो शाप आहे म्हणून मूळचा पुरंदरावरील बेत दगलबाजीचा ठरत नाही.

रायगडाचे नाव आलेच आहे तर तेथील एक जागा सांगतो. राजवाड्याच्या परिसरात पायऱ्या उतरून जावे लागते अशी एक अंधारी तळखोली आहे. तिला ‘खलबतखाना’ म्हणतात. मी प्रथम गेलो तेव्हा माथ्यावर ऊन रणरणत होते आणि पाच-सात पायऱ्या उतरताच बाहेरचा वारा, माणसांचे आवाज, सारे एकदम बंद झाले; दोन माणसे कुजबुजली तरी भिंतींना ऐकू जावे आणि भिंतींपलीकडे जाऊ नये अशी ती जागा. ‘खलबत’ हा शब्द मूळ अरबी ‘खल्वत’, म्हणजे एकांत. सूफी साधक ईश्वरचिंतनासाठी जो एकांतवास पत्करतात त्यालाही हाच शब्द आहे. दरबारी फारसीच्या वाटेने तो मराठीत आला तेव्हा त्याचा अर्थ ‘एकांतातील सल्ला’ असा झाला, आणि आज ‘पडद्याआड खलबते’ असा मथळा वाचला की काही तरी अमंगळ शिजत आहे असे वाचक गृहीत धरतो. एकांतापासून अमंगळापर्यंतचा हा प्रवास त्या शब्दाने आपण होऊन केलेला नाही. आपण त्याला ढकलीत नेले आहे.

त्याचा सख्खा शेजारी ‘मसलत’. अरबी ‘मस्लहत’ म्हणजे ज्यात हित आहे ते. पेशवाईच्या पत्रांत मसलत म्हणजे बेत, मोहीम, स्वारी. हा शब्द मात्र ‘सल्लामसलत’ या जोडशब्दाच्या आश्रयाने सुदैवाने स्वच्छ राहिला. याउलट ‘फितूर’ हा शब्द पहिल्यापासूनच काळा, आणि असावयासच हवा. मूळ अरबीत शैथिल्य, ढिलेपणा. मराठीत येईतो निष्ठेतील ढिलेपणा, म्हणजे शत्रूला आतून मिळणे. किल्ल्याचा दरवाजा आतून उघडणारा तो फितूर. आणि आज न्यायालयात साक्ष फिरविणारा साक्षीदारही ‘फितूर’च होतो, यात अर्थाची रेघ किती सरळ राहिली आहे ते पाहण्यासारखे आहे. म्हणजे आमच्या भाषेजवळ एकांतातल्या विचारविनिमयाला खलबत होते, हिताच्या योजनेला मसलत होती, अनेकांच्या दूरदर्शी खटपटीला कारस्थान होते, अपराधाच्या संगनमताला कट होता आणि आतून दार उघडणाऱ्याला फितूर होता. पाच वस्तूंना पाच शब्द होते. आज त्यांतील तीन वस्तूंना आपण चौथीचेच नाव देऊ लागलो आहोत, आणि पाचवी वस्तू त्या गर्दीत अंग चोरून उभी आहे.

गुप्ततेची गरज राज्यकर्त्यांनी कधी लपविली नाही. १९०९ साली म्हैसूरला शामशास्त्रींनी प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रात मंत्रणेविषयी एक स्वतंत्र प्रकरण आहे. मंत्रणेची जागा अशी असावी की बोललेले बाहेर जाऊ नये आणि पक्ष्यांनाही आत पाहता येऊ नये, असे तेथे बजावले आहे. कारण पोपट आणि मैना यांनी गुपिते फोडल्याचे ऐकिवात आहे! पोपटाच्या पिंजऱ्याची ही चिंता वाचताना कौटिल्याच्या व्यवहारदक्षतेचे मला फार कौतुक वाटते. मंत्रणा एकट्याने करू नये आणि फार जणांतही करू नये, तिघा-चौघांशी करावी, हाही त्याचाच दंडक. आपल्या बोलीतला ‘षट्कर्णी होणे’ हा वाक्प्रचार याच परंपरेतला: चार कानांत राहिले ते गुपित, सहा कानांत गेले की ते फुटले. हे ज्ञान आमच्या आजीबाईंनाही होते. मुलीच्या लग्नाची बोलणी पक्की होईपर्यंत ती शेजारी कळू देऊ नयेत, आजाऱ्याच्या दुखण्याचे खरे नाव त्याच्यापुढे घेऊ नये, भावाभावांची वाटणी ओसरीवर काढू नये, या सगळ्या घरगुती मसलतीच होत्या. त्यांना कारस्थान म्हणावे असे कोणाच्या मनात येत नसे.

शब्दांचे हे चढउतार मोठे विलक्षण असतात. मोगलांच्या दप्तरात मराठ्यांना ‘गनीम’ म्हणत, म्हणजे लुटारू, शत्रू. आणि घोड्याला रिंगणात फिरविण्याच्या हुलकावणीला ‘कावा’ हा शब्द होता. या दोहोंची जोड होऊन ‘गनिमी कावा’ झाला आणि शत्रूने ठेवलेले नाव आपण अभिमानाने छातीवर मिरविले. पण त्याच काव्याचा ‘कावेबाज’ झाला की तो शेजारी नकोसा वाटतो. ‘मुत्सद्दी’ची गंमत याहून मोठी. मूळचा ‘मुतसद्दी’ म्हणजे कचेरीतला कारकून, हिशेबनीस, फार तर एखाद्या बंदराचा अंमलदार. मराठीत तो चढत चढत परराष्ट्रनीतीच्या धुरंधरापर्यंत पोहोचला. त्याच काळात त्याचा सहोदर ‘कारस्थानी’ उतरणीस लागला. वस्तुतः नानांच्या काळी हे दोन शब्द एकाच माणसाला लावीत. आणि ‘राजकारण’? समर्थांनी दासबोधात हरिकथेच्या खालोखाल ज्याला स्थान दिले आणि ज्याच्या निरूपणाला स्वतंत्र समास दिला, तो शब्द आज ‘यात राजकारण आणू नका’ अशा विनवणीत वापरला जातो. हापिसात दोन माणसांचे पटेनासे झाले की ‘तेथे फार राजकारण चालते’ असे आपण म्हणतो. राज्य चालविण्याच्या विद्येचे नाव आणि टेबलाखालून पाय ओढण्याचे नाव एकच झाले, तर तरुण माणसाने त्या विद्येकडे कोणत्या तोंडाने वळावे?

या अधोगतीत स्त्रियांच्या वाट्याला विशेष अन्याय आला आहे, आणि तो मला बोलून दाखविलाच पाहिजे. ‘ध’ चा ‘मा’ ही कथा लोकांच्या तोंडी टिकली ती पुराव्याच्या बळावर नव्हे. एका बाईच्या लेखणीने सगळा अनर्थ झाला हे मानावयास सोयीचे होते म्हणून. रामशास्त्र्यांनी प्रायश्चित्त सांगितले ते रघुनाथरावांना. पण म्हणी झाल्या त्या आनंदीबाईंवर. दोन पुरुष माडीवर दार लावून बोलले तर ती मसलत, दोन बायका माजघरात हलक्या आवाजात बोलल्या तर ते कान भरणे, ही वाटणी आपल्या बोलीने केव्हाच करून ठेवली आणि आता दूरचित्रवाणीवरील मालिका ती रोज रात्री पक्की करीत आहेत. पुरंदरावर वाढत्या दिवसांनिशी चढलेल्या गंगाबाई, आणि पानिपतानंतर तेरा वर्षे भाऊंच्या परतीची आशा न सोडता कुंकू लावीत राहिलेल्या पार्वतीबाई, याही त्या कारस्थानाच्या भागीदार होत्या. किंबहुना सर्वांत मोठी जोखीम त्यांच्या अंगावर होती. बारभाईंच्या यादीत त्यांची नावे कोणी घालीत नाही.

आता कायद्याकडे वळू, कारण तेथे शब्द तोलून वापरावे लागतात. भारतीय दंडविधानात १९१३ साली कलम १२०-अ व १२०-ब घालून कटाची स्वतंत्र व्याख्या करण्यात आली. आता ती भारतीय न्याय संहितेच्या ६१व्या कलमात आहे. दोन किंवा अधिक व्यक्तींनी बेकायदा कृत्य करण्याचा, किंवा बेकायदा नसलेले कृत्य बेकायदा मार्गाने करण्याचा, आपसांत करार करणे हा कट होय. ही व्याख्या मी पुनःपुन्हा वाचली, आणि तिच्यात ‘गुप्त’ हा शब्द नाही हे ध्यानात आल्यावर मला फार बरे वाटले. दार लोटलेले होते की सताड उघडे होते हे कायदा व्याख्येत विचारीतच नाही. दाराआड काय ठरले आणि ते कायद्याला धरून होते की नाही, एवढेच तो विचारतो. सामान्य माणूस नेमके उलट करतो. त्याला दाराआडच्या गोष्टीपेक्षा दारच अधिक दिसते.

हा शब्द सत्तेच्या हाती गेला म्हणजे काय होते याचे उदाहरण १९२९च्या मीरत कट खटल्याचे आहे. मुंबईच्या गिरण्यांत १९२८ साली महिनोन्‌महिने संप चालला. गिरणगावच्या मैदानांतून हजारोंच्या सभा झाल्या. भाषणे झाली, पत्रके निघाली, वर्गणी गोळा झाली. हे सगळे भर उन्हात, पोलिसांच्या टिपणकारांसमक्ष. आणि पुढच्या मार्चमध्ये श्रीपाद अमृत डांगे, मिरजकर, घाटे, जोगळेकर, निंबकर यांच्यासह देशभरातून कामगार कार्यकर्ते पकडून, मुंबईपासून शेकडो कोस दूर मीरत येथे, बादशहाविरुद्ध कट केल्याच्या आरोपावरून त्यांच्यावर खटला भरण्यात आला. तो जवळजवळ चार वर्षे चालला. त्या मंडळींची मते मला सर्वस्वी मान्य आहेत असे नाही; पण जे मैदानावर झाले त्याला कट म्हणावयाचे ठरले की मग मैदानावर उभा राहणारा प्रत्येक मनुष्य आरोपी होतो, आणि ज्यांना खरोखरच तळघरात काही करावयाचे आहे त्यांचे आयतेच फावते.

अलीकडे मराठी वर्तमानपत्रांत व भाषणांत ‘षड्यंत्र’ हा शब्द हिंदीच्या वाटेने जोराने शिरला आहे. तंत्रमार्गातील वशीकरण, स्तंभन, विद्वेषण, उच्चाटन, मारण इत्यादी सहा प्रयोगांशी त्याचा संबंध जोडतात, आणि त्या उग्र वासामुळेच तो वक्त्यांना आवडत असावा. परवाच एका तालुक्याच्या गावी पाणीपुरवठ्याची वेळ सकाळची संध्याकाळ झाली, तर त्या फेरबदलामागे ‘षड्यंत्र’ असल्याचे निवेदन तहसीलदारांना देण्यात आल्याची बातमी मी वाचली. पाण्याची वेळ बदलल्याने ज्या बायकांची कामे खोळंबली त्यांची तक्रार शंभर टक्के रास्त होती. ती त्या एका शब्दाखाली दबून गेली, कारण षड्यंत्राला अंमलदार इन्कारापलीकडे उत्तर देत नाही, आणि गैरसोयीला त्याला उत्तर द्यावेच लागले असते. ज्याने त्याने आपल्या विरोधकाच्या प्रत्येक हालचालीत कट पाहावा आणि मग खरोखरीचा कट – टेंडर वाटून घेणाऱ्यांचा, साक्षीदार फोडणाऱ्यांचा, सातबाऱ्यावरून एखाद्या विधवेचे नाव हलकेच काढून टाकणाऱ्यांचा – समोर आला असता त्यालाही तोच शिळा शब्द लावून पान उलटावे, अशी आपली स्थिती होऊ घातली आहे. तलाठ्याच्या दप्तरात फेरफाराची एक नोंद होते, नोटीस बजावल्याचा शेरा पडतो, हरकतीची मुदत गुपचूप निघून जाते आणि ज्या बाईच्या नवऱ्याने त्या शेतात आयुष्य घातले तिला दोन वर्षांनी कळते की आपण तेथे कोणीच नाही. हे पाहिलेल्या माणसाला ‘कट’ हा शब्द स्वस्तात वापरवत नाही. त्या बाईसाठी तो राखून ठेवला पाहिजे.

आमच्या वाचनालयाचे सांगावयाचे राहिले. सभेचे इतिवृत्त लिहिताना ‘कारस्थान’ हा शब्द ठेवावा की गाळावा यावर मंडळात वाद झाला; बोलणारा जे बोलला ते जसेच्या तसे नोंदले पाहिजे असे माझे मत पडले आणि शब्द राहिला. त्यानंतर मी काकांच्या घरी गेलो. ते अंगणात खाटेवर बसले होते. दारामागे काय झाले होते ते मी त्यांना अथपासून इतिपर्यंत सांगितले. पुस्तकांचे, त्यांच्या डोळ्यांचे, आमच्या भीतीचे. त्यांनी सर्व ऐकून घेतले, आत गेले, चष्मा आणि एक भिंग घेऊन आले आणि म्हणाले, ‘चला, वाचनालयात जाऊ.’ तेथे त्यांनी दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाच्या खंडांच्या पाठी बोटांनी चाचपीत त्यांतला नेमका खंड काढला. अक्षरे दिसत नसली तरी पुस्तके त्यांच्या हाताला ओळखू येत होती. ‘कारस्थान’ या नोंदीवर भिंग धरून ते बराच वेळ वाचीत राहिले. मी इतिहासातल्या चांगल्या अर्थाविषयी, बारभाईंविषयी, काही बोलू लागलो होतो. त्यांनी हात वर करून मला थांबविले.

‘ते सगळं खरं असेल,’ ते म्हणाले. ‘पण माझ्याबद्दल बोलायचं होतं ना? मग मला का नाही बोलावलंत?’

मजजवळ उत्तर नव्हते. आमचा हेतू स्वच्छ होता, बेत आपला म्हणून सांगण्याचीही आमची तयारी होती. परंतु ज्याच्या हिताची मसलत चालली होती तो त्या खोलीत नव्हता, आणि त्याला तेथे आणावे असे तिघांपैकी एकालाही सुचले नव्हते. वर्गणीदाराने वापरलेला शब्द चुकीचा होता असे मी आजही म्हणेन. तो त्याला का सुचला, हे मात्र त्या दुपारी मला कळले.

काकांनी खंड मिटून जागेवर ठेवला आणि दाखल नोंदवही मागितली. मोजदाद दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू झाली. दार उघडे होते. मी नोंदवहीतला क्रमांक वाचीत होतो आणि ते फळीवर हात फिरवून ‘आहे’ किंवा ‘नाही’ असे सांगत होते.